लोट्याचे चित्र

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अड्याळ हे गाव लागते. भंडारा जिल्हा जसा धानाचा, तसा पितळेच्या भांड्यांचाही. तेथील कारागिरांनी घडविलेली भांडी एके काळी घरोघर असत. अड्याळच्या एका घरी असाच एक जुना पितळी लोटा होता. येत्या दिवाळीला तो मोडीत देऊन नवी भांडी घ्यावयाची, असे घरात ठरले होते. त्या घरचा सातवीतला मुलगा रेखाकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणार होता. परीक्षेत वस्तुचित्र असते. म्हणून त्याने लोटाच समोर मांडला.

मुलाचा हात चांगला आहे, असे सारे म्हणत. मोर, गणपती, बैलजोडी तो घटकेत काढी आणि पाहणारे वाहवा करीत. लोट्याचे चित्रही त्याने घटकेतच संपविले व आजीपुढे धरले. आजीला अक्षरओळख नव्हती. पण तो लोटा तिने जन्मभर घासला होता. ती म्हणाली, “बाबू, हा लोटा कलला ना! पानी सांडन यातलं.”

मुलाला राग आला. दुसऱ्या दिवशी त्याने लोटा आणि चित्र दोन्ही शाळेत नेले. चित्रकलेच्या शिक्षकांनी चूक सांगितली नाही. त्यांनी लोटा उचलून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर धरला. तोंडाच्या जागी केवळ एक आडवी रेघ दिसली! लोटा हळूहळू खाली नेला, तशी ती रेघ उघडत गेली, लंबगोल झाली. आणि लोटा पायांशी ठेवून अगदी वरून पाहिले, तेव्हा कोठे तोंड पूर्ण वाटोळे दिसले. मुलाने मात्र समोर ठेवलेल्या लोट्याला वर वाटोळे तोंड आणि खाली सरळ रेघेचे बूड दिले होते. तोंड गोल असते हे त्याला ठाऊक होते. जे ठाऊक होते तेच त्याने काढले, दिसले ते काढले नाही. वास्तविक बूड डोळ्यांपासून तोंडाहून अधिक खाली असते. म्हणून त्याची कड तोंडाच्या कडेपेक्षा अधिक वाकलेली दिसते.

मग सरांनी त्याचे खोडरबर मागून घेतले. पुसलेली चूक उद्या पाहावयास मिळत नाही, एवढेच ते म्हणाले. रोज एक चित्र काढावे, कागदाच्या पाठीवर तारीख घालावी आणि आपली आपण शोधलेली एक चूक लिहावी, असा नेम ठरला.

नेम सोपा होता, पण मुलाच्या तो जिवावर येई. वाहवा ऐकण्याची सवय झालेल्याने आपल्याच हाताने ‘मान जाड झाली’ असे लिहावयाचे, हे काही सुखाचे काम नव्हे. आठव्या दिवशी त्याने कागद गुंडाळून ठेवले. सरांनी त्याला महादेव विश्वनाथ धुरंधरांची हकीकत सांगितली. धुरंधर १८९० साली कोल्हापूरहून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत गेले आणि १९३१ पर्यंत, प्रथम विद्यार्थी व मग शिक्षक म्हणून, तेथेच रमले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आठवणींचे पुस्तकच आहे. मुलाने मनाशी हिशेब केला : एकेचाळीस वर्षे आणि आठ दिवस! त्याने गुंडाळी पुन्हा सोडली.

कलण्याची चूक आरशाने पकडून दिली. चित्रकाराने आपले चित्र आरशात पाहावे, म्हणजे ते दुसऱ्या कोणाचे असावे असे भासते, आणि दुसऱ्याच्या चुका चटकन दिसतात, अशी सूचना इटलीच्या लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. मुलाने घरच्या आरशासमोर चित्र धरले, आणि लोटा खरोखरीच कललेला दिसला. तेव्हापासून तो आधी मधोमध एक उभी रेघ आखून घेऊ लागला. हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवीत उंची व रुंदी मोजू लागला.

महिन्याने त्याने सगळ्या कागदांच्या पाठी ओळीने वाचल्या. ‘उजवी बाजू फुगली’ हे वाक्य पुन्हा पुन्हा आले होते! डावी बाजू मात्र कधी फुगली नव्हती. असे का? त्याने रिकाम्या कागदावर हात फिरवून पाहिला. उजव्या हाताचे मनगट डावा बाक सहज वळविते. उजव्या बाकाला ते अडखळते. मग तो कागद उलटा फिरवून उजवी बाजू डावीसारखी काढू लागला. ही युक्ती त्याला कोणी शिकविली नव्हती, आणि म्हणूनच ती त्याला बक्षिसाहून मोठी वाटली.

दिवाळी आली, लोटा गेला. परीक्षेत स्मरणचित्रही असते, म्हणून एका सायंकाळी त्याने तो लोटा आठवून काढला. तोंड लंबगोल, बुडाला योग्य बाक, दोन्ही बाजू सारख्या. त्याने चित्र आजीला दाखविले. आजी बराच वेळ पाहत राहिली.

“आपलाच आहे,” ती म्हणाली. “पन पोचा कुठी गेला?”

विहिरीच्या काठावर आपटून लोट्याला पोचा आला होता. मुलाने धावत जाऊन सारे कागद काढले. चाळीस चित्रांपैकी एकातही पोचा नव्हता, आणि कोणत्याच पाठीवर त्याची नोंद नव्हती. दोन्ही बाजू सारख्या करण्याच्या नादात तो त्याला दिसलाच नव्हता.

त्याने नवा कागद घेतला, मधोमध उभी रेघ आखली आणि आजीजवळ सरकून विचारले, “आजी, कोणत्या बाजूला होता गं?”