घुंडीभोवतीचे विश्व

काशाचा प्राचीन चिनी आरसा संग्रहालयात बहुधा पाठमोराच मांडतात. चेहरा दाखवणारी बाजू घासून लख्ख केलेली, अगदी साधी. सारी कारागिरी मागे. मधोमध भोक पाडलेली घुंडी. त्या भोकात दोरी ओवायची आणि ती धरून तोंड पाहायचे. डोळ्यांसमोर स्वतःचा चेहरा, बोटांशी सगळे विश्व!

ते विश्व ओतारी फार नेमकेपणाने मांडत. वांग मांगच्या अल्पजीवी राजवटीच्या (इ. स. 9 ते 23) आसपासचे आरसे पाहावेत. गोल तबकडी म्हणजे आकाश, घुंडीभोवतीचा चौकोन म्हणजे पृथ्वी. चौकोनात बारा उठावदार ठिपके आणि बारा अक्षरे. याच अक्षरांनी चिनी माणूस दिशा सांगे आणि वर्षे मोजी. बाहेर दिशांचे राखणदार: पूर्वेला निळा-हिरवा ड्रॅगन, पश्चिमेला पांढरा वाघ, दक्षिणेला लाल पक्षी आणि उत्तरेला सापाचा विळखा पडलेले कासव. काशाला हे रंग कुठून येणार? ते पाहणाऱ्याने मनानेच भरायचे. काही आरशांवरच्या लेखात त्यांची कामेही वाटून दिली आहेत. ड्रॅगन-वाघाने अशुभ परतवायचे, पक्षी-कासवाने यिन-यांगचा मेळ राखायचा.

यांच्या मधूनच कोनदार खुणा उमटलेल्या असतात. रोमन टी, एल आणि व्ही या अक्षरांसारख्या दिसतात, म्हणून पाश्चात्त्य अभ्यासकांनी या आरशांना तेच नाव दिले. पण हान काळातल्या माणसाने या खुणा लगेच ओळखल्या असत्या, कारण त्याच्या आवडत्या ल्यूबो खेळाच्या पटावर त्याच होत्या. 1993 मध्ये च्यांगसू प्रांतातल्या यिनवान येथील थडग्यात एक लाकडी फळी मिळाली. तिच्यावर हाच आराखडा आहे, त्यात साठ दिवसांचे चक्र बसवले आहे आणि खाली लग्न, प्रवास, आजारपण यांची भाकिते आहेत. खेळ, पंचांग आणि आरसा एकाच रेषांवर उभे! या नक्षीला नुसती शोभा म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

धातूही मोठा मानी. तांब्यात जवळजवळ चौथा हिस्सा कथील, थोडे शिसे. त्यामुळे रुपेरी झळाळी येई, पण आरसा ठिसूळ होई. अशा ठिसूळ वस्तूवर धातू-दगडाइतके आयुष्य, मोठी सरकारी नोकरी आणि भरपूर मुलेबाळे मागणारे मजकूर उमटवलेले असत. ते वाचताना दोन हजार वर्षांपूर्वीचे घर एकदम ओळखीचे वाटू लागते.

पुढे दिशांची ही कडक शिस्त सैल झाली. हान काळाच्या उत्तरार्धात अमरत्व देणारी पश्चिमेची राजमाता आणि तिचा जोडीदार, पूर्वेचा राजपिता, आरशांवर येऊन बसले. थांग काळात, सातव्या शतकात, तर द्राक्षवेलींच्या जाळीत सिंह बागडू लागले. द्राक्षे आणि सिंह, दोन्ही पश्चिमेकडून चीनमध्ये आलेले. रेशीममार्गाच्या वैभवाची इतकी आनंदी नोंद दुसरीकडे क्वचितच सापडेल.

मग सोंग काळ आला. हूचौ शहराचे आरसे तेव्हा नावाजलेले होते आणि त्यांतल्या कित्येकांची पाठ जवळजवळ कोरी आहे. ड्रॅगन नाही, वाघ नाही, राजमाताही नाही. एका उभ्या चौकटीत तेवढी अक्षरे आहेत: हा आरसा हूचौच्या शी घराण्याचा आहे, आणि तोही खऱ्या शी घराण्याचा.