हक्कसोडपत्र आणि परवीन मिस्त्री

डिटेक्टिव्ह म्हटला की डोळ्यांसमोर कोण येतं? शेरलॉक होम्स, ब्योमकेश, फेलूदा, नाहीतर आजोबांच्या पिढीतला बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार. सगळे पुरुष! कॉन्व्हेंटमध्ये असताना मी नॅन्सी ड्रू वाचली, पण तिचं गाव, तिची गाडी, सगळंच लांबचं. म्हणून सुजाता मॅसी यांच्या कादंबऱ्यांतली परवीन मिस्त्री भेटली तेव्हा मी इतकी खूष झाले की सबमिशनच्या आठवड्यातही पुस्तक हातातून सुटेना.

परवीन १९२१ च्या मुंबईतली पारशी सॉलिसिटर. ऑक्सफर्डला कायदा शिकलेली, वडिलांच्या फर्ममध्ये काम करणारी. पण कोर्टात उभं राहून बाजू मांडायची तिला परवानगी नाही, कारण ती बाई! (स्त्रियांना वकिलीचं दार उघडणारा कायदा १९२३ मध्ये आला.) पात्र काल्पनिक असलं तरी हवेतलं नाही बरं का. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या पहिल्या स्त्री. पडद्यातल्या स्त्रियांच्या मालमत्तेची कामं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली. परवीनमागे त्यांचीही प्रेरणा आहे.

पहिलं पुस्तक 'द विडोज ऑफ मलबार हिल' २०१८ चं. एका गिरणीमालकाच्या तीन विधवा, तिघीही पडद्यात. आपली मेहेर, म्हणजे निकाहात ठरलेली हक्काची रक्कम, त्या सोडून देताहेत असा कागद येतो. परवीनला त्यावरच्या सह्याच खटकतात. पुरुष वकिलाला जनान्यात प्रवेश नाही, ती मात्र सरळ आत जाऊन बसते. जिथे पुरुष जातात ते कोर्ट तिला बंद, आणि जिथे पुरुष जाऊ शकत नाहीत तिथे तिचं काम सुरू! मग खून होतो. पुढचं सांगत नाही, स्वतः वाचा. २०२३ पर्यंत चार पुस्तकं आली आहेत. दुसऱ्यात तर ती भर पावसात पालखीत बसून सह्याद्रीतल्या एका संस्थानात जाते. तो पाऊस आपल्याला वेगळा सांगायला नको!

मला मात्र खुनापेक्षा तो कागदच जास्त लक्षात राहिला. त्याचं कारण घरचं आहे. आपल्या कोकणात आंब्याची बाग, घर वगैरेची वाटणी निघाली की बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात. "फॉर्मॅलिटी आहे गं, इथे सही कर." २००५ च्या केंद्राच्या कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलग्याइतकाच हक्क दिला, पण सही नाही केली तर माहेर तुटेल ही भीती कुठला कायदा घालवणार?

गणपतीत आईसाठी तसाच कागद आला. आईला इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून त्या तीन विधवांची गोष्ट मी आधीच तिला मराठीत सांगितली होती, रोज रात्री थोडी थोडी. कागद पुढे आल्यावर आईने चष्मा मागितला. पूर्ण वाचला. "ठेवून जा, विचार करून सांगते," एवढंच म्हणाली. सगळे गप्प!

ती सही करेल की नाही, मला माहीत नाही. भावावर तिचा जीव आहे, कदाचित करेलही. पण जे करेल ते वाचून करेल. आणि आता रोज फोनवर पहिला प्रश्न, "काय गं, तुझ्या त्या वकिलीणबाईचं पुढचं पुस्तक कधी आणतेस?"