जलप्रवासाहून परततांना

सिंगापुरास मरीना बे येथील धक्क्यावर जहाज पहाटेसच लागतें. जड सामान आदले रात्रींच खोलीबाहेर ठेवावें लागतें. पासपोर्ट, औषधें व नेसावयाचा एक जोड हातपिशवींत नसेल तर सकाळीं मोठीच पंचाईत! चांगी विमानतळावर १०० मिलिलिटरांहून मोठी तेलाची बाटली हातीं राहूं देत नाहींत, एवढेंच.

खरी कसोटी मुंबईस. जकातपात्र माल नसल्यास हिरवा मार्ग, असल्यास लाल. आमच्या मातुश्रींच्या हातांतील पाटल्यांवर अधिकाऱ्याची दृष्टि खिळलीच. तीन पिढ्यांचें सोनें तें! परंतु निघतेवेळींच येथील जकात-अधिकाऱ्यांकडून निर्यात-दाखला घेऊन ठेविला होता. तो आम्हीं पुढें केला. त्यांतील वर्णन पाटल्यांशीं ताडून पाहून अधिकाऱ्यानें वाट मोकळी केली.