दुसऱ्या कानाचे मोल

आमच्या आबांना एकाच कानाने ऐकू येई. केळीच्या बागेत हाक मारली, की ते भलतीकडेच पाहत. आवाज जवळच्या कानात क्षणभर आधी पोचतो. त्यावरूनही मेंदू दिशा ताडतो.

म्हणून मला वाटते, कॉक्लियर इम्प्लांटचा विचार दोन्ही कानांसाठी व्हावा. श्रवणयंत्र आवाज नुसता मोठा करते. त्याने भागेना, तर मोठ्या माणसांनाही शस्त्रक्रियेने इम्प्लांट बसवता येते. ते कानाच्या नसेलाच संकेत देते. दोन्हीकडे असले, तर ट्रॅक्टर कुठल्या अंगाने येतो ते ओळखायला आणि बाजाराच्या गलबल्यात बोलणे समजायला सोपे जाते.

खर्च लाखांत आहे, सरकारी मदत मुख्यतः मुलांना मिळते, पुढे महिनोन्‌महिने ऐकण्याचा सरावही हवा. तरी ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. जळगाव-धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात आधी दोन्ही कान तपासून घ्या.