नेपाळची यात्रा आणि तांब्यातले पाणी

सुगी उरकली, चार पैसे हाती आले, की गावोगाव यात्रेची बोलणी सुरू होतात. काशी झाली, गया झाली, की पुढचे नाव निघते पशुपतिनाथाचे आणि मुक्तिनाथाचे. सोनौलीची वेस ओलांडली की नेपाळ. आपल्याला पारपत्र लागत नाही, देवही ओळखीचेच, म्हणून परदेश आहे असे वाटतच नाही. पण मंडळी, मुलूख बदलला की पाणी बदलते. घरच्या विहिरीची सवय असलेले पोट तिथे पाहुणेच असते.

पहिला टप्पा तराईचा. लुंबिनीला जाताना वाटेत हातपंप दिसतील. पाणी काचेसारखे स्वच्छ. पण नवलपरासी भागात कित्येक पंपांच्या पाण्यात आर्सेनिक म्हणजे सोमल आढळला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि उकळूनही जात नाही. चार घोटांनी काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे तेच पाणी पिणाऱ्या तिथल्या शेतकऱ्याला मात्र तो भोवतो. आपण एवढेच शिकायचे, की नितळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे.

पुढे काठमांडूचे खोरे. पाटणला राजवाड्याच्या चौकालगत मंगा हिटी नावाची दगडी पाणपोई आहे. इ. स. ५७० मधली ती कोरीव तोंडे पाहून हात जोडावेसे वाटतात. जरूर जोडा; ओंजळ मात्र तोंडाला लावू नका. दाट वस्तीतले झिरपे जमिनीत उतरतात. नळाचेही तसेच. नळ काही तासच चालतो. पाइप रिकामा पडला, की फुटक्या सांध्यांतून बाजूची घाण आत ओढली जाते. २०२२ साली याच खोऱ्यात पटकीचे म्हणजे कॉलऱ्याचे रुग्ण सापडले होते. पावसाळ्याच्या सुमारास सायक्लोस्पोरा नावाचा एक बारीक जंतूही तिथे पोट बिघडवतो. तो क्लोरीनच्या गोळ्यांना दाद देत नाही. तुरटीने तर फक्त गाळ बसतो. तेव्हा उकळणे हाच खरा उपाय.

शेवटी मुक्तिनाथ, बारा हजार फुटांच्या वर. तिथल्या १०८ धारांखाली भाविक न्हातात. त्या उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळ्या मारू लागते. खळखळ उकळी आल्यावर तीन मिनिटे तसेच ठेवा, म्हणजे जंतू मरतात. धारांचे पाणी डोक्यावर घ्या, पोटात नको. देवाचा त्यात काही अवमान नाही.

यात्रा कंपनीचा आचारी बरोबर असेल, तर रात्रीच मोठे पातेले उकळून झाकून ठेवायला सांगा. पाणी ओगराळ्यानेच काढा, हात बुडवू नका. दात घासायला, गोळी गिळायलाही तेच पाणी वापरा. हॉटेलात ‘उमालेको पानी’ मागा. उकळलेल्या पाण्याला नेपाळीत तसे म्हणतात. विकतच्या बाटलीचे सील पाहून घ्या. बर्फ, कापून ठेवलेली फळे, कच्ची कोशिंबीर टाळा. कुणी प्रेमाने पाणी पुढे केले, तर नाही म्हणणे जिवावर येते. अशा वेळी चहा मागावा. यजमानाचा मान राहतो आणि पाणीही उकळले जाते.

इतके करूनही जुलाब लागलेच, तर म्हाताऱ्या माणसाला आणि लेकराला उपाशी-तहानलेले ठेवू नका. औषधाच्या दुकानात ‘जीवनजल’ मागा. क्षार-साखरेच्या पुडीचे तिथले ते नाव. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजत राहा. शौचातून रक्त पडले, लघवी कमी झाली किंवा माणूस मलूल पडला, तर दर्शनाची रांग सोडून आधी डॉक्टर गाठा.

देव कुठे जात नाही. बरोबर नेलेले माणूस धडधाकट घरी परत आणणे, हेही यात्रेचेच पुण्य आहे.