समुद्र दूर, रेती जवळ

मुलांना सुट्टीत वाळू आणि पाणी हवं असलं, की आपल्याला एकदम गणपतीपुळे, अलिबाग, नाहीतर गोवाच आठवतो. मैत्रिणींनो, तुम्ही पुण्या-मुंबईकडच्या असाल तर ते सोपं आहे. पण आम्ही पडलो चंद्रपूरकडच्या बायका! समुद्र गाठायचा म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडायचा आणि वर्षभर डब्यात साठवलेले पैसे चार दिवसांत संपवायचे. म्हणून आज तुम्हाला आमच्याकडच्याच किनाऱ्यांवर नेते. आमच्याकडे वाळूला रेती म्हणतात, तेव्हा इथून पुढे मीही रेतीच म्हणणार.

चंद्रपूर आणि गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता. आता दोघांच्या मधून वैनगंगा वाहते. चंद्रपूरहून मूल, सावली करत निघालात, की व्याहाडच्या पुढे तिचा पूल लागतो. हिवाळ्यात त्या पुलावरून खाली पाहावं. एवढं रुंद पात्र, पण पाणी एका अंगानं संथ चाललेलं आणि बाकी सगळी पिवळसर पांढरी रेती, वाळत घातलेल्या धोतरासारखी लांबच लांब पसरलेली.

ही रेती येते कुठून? वर्गातल्या मुलींना मी हा प्रश्न दर वर्षी विचारते. आमच्या दोन मोठ्या नद्या, वर्धा आणि वैनगंगा. वर्धा येते काळ्या मातीच्या, काळ्या दगडाच्या मुलखातून. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बऱ्याच जुन्या, कठीण खडकांच्या प्रदेशातून वाहत येते. त्या खडकातली गारगोटी झिजून झिजून जे कण उरतात, तीच ही रेती. मुठीत घेतलीत तर जाड रव्यासारखी लागते. समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, खारटपणा असतो. आमची रेती गोडी. वाळली की पदर झटकावा, सगळी खाली पडते. घरी आल्यावर दोन दिवस अंथरुणात कचकच नाही!

पहिल्यांदाच येणार असाल तर मार्कंड्याला या. चामोर्शीजवळ वैनगंगा वळण घेते आणि चक्क उत्तरेकडे वाहू लागते, म्हणून त्या स्थानाचं महत्त्व मोठं. काठावर मार्कंडेश्वराचं देऊळ आणि त्याच्या भोवती इतर देवळं आहेत. भिंतींवरचं कोरीवकाम पाहून लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. गर्दी नको असेल तर ते दिवस सोडून या. देवदर्शन झालं, की मागच्या बाजूनं पात्रात उतरायचं. आजीला देऊळ, मुलांना रेती आणि आपल्याला थोडा वेळ नुसतं बसणं, असं तिघांचंही एकाच खेपेत साधतं.

दुसरी जागा चपराळा. चंद्रपूरहून गोंडपिपरीमार्गे आष्टीचा पूल ओलांडून जायचं. इथे वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना भेटतात आणि पुढे दोघींचंही नाव जातं. नदी होते प्राणहिता. लग्नानंतर नाव बदललेल्या आपण बायका तिथे उभ्या राहिलो, की एकमेकींकडे पाहून हसतोच! चपराळ्याला अभयारण्य आहे, तेव्हा वेळ दिवसाचीच धरावी आणि जंगलखात्याचे नियम पाळावेत.

हीच प्राणहिता पुढे जंगलाच्या कडेनं वाहत सिरोंचाला गोदावरीत मिळते. आलापल्लीवरून जाणारा तो रस्ता लांबचा आहे, मुक्कामाच्या तयारीनंच निघावं. पलीकडच्या तीरावर तेलंगणातलं कालेश्वर दिसतं आणि अलीकडच्या बाजारातही तेलुगू कानावर पडते. प्राणहितेचा पुष्कर मेळा दर बारा वर्षांनी येतो. मागचा एप्रिल २०२२ मध्ये झाला.

आता आपल्या कामाच्या गोष्टी. माघ-फाल्गुन हे खरे दिवस. पुढे चैत्र-वैशाखात सकाळी दहालाच रेती तव्यासारखी तापते आणि मुलांचे पाय पोळतात. सकाळी लवकर पोचा, दुपारचं जेवण झाडाखाली करा. जेवणात रोडगे किंवा पानगे, वरण आणि वांग्याची भाजी. गोवऱ्या घरूनच न्याव्यात. निखारे पाणी ओतून विझवावेत, रेतीत नुसते पुरून ठेवू नयेत. वरून थंड दिसतात आणि मागून येणाऱ्या एखाद्या लेकराचा पाय भाजतो. पिण्याचं पाणी सोबत घ्या. बायकांची सोय देवळाच्या गावाखेरीज फारशी कुठे नसते, तेव्हा निघतानाच त्याचा विचार करून घ्या. पात्रात टरबुजाच्या, काकडीच्या वाड्या दिसल्या तर वेलांवरून चालू नका. पाणी ओसरल्यापासून पुन्हा पूर येईपर्यंतचीच ती शेती आहे. फळ मात्र तिथूनच विकत घ्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. समुद्राला भरती-ओहोटीचं वेळापत्रक असतं, कोळणीला तिथी सांगितली की ती वेळ सांगते. आमच्या नदीला तसं काही नाही. वर कुठे धरणातून, बंधाऱ्यातून पाणी सोडलं, की इथे ते वाढतं. पावसाळ्यात तर पात्रात उतरायचं नावच काढू नका. हिवाळ्यातही घोटाभर दिसणाऱ्या पाण्यात एकाच पावलावर अचानक डोह लागतो. त्यातले काही डोह नदीनं केलेले असतात आणि काही माणसानं. घरं बांधायला समुद्राची खारी वाळू चालत नाही, म्हणून नदीची रेती ट्रकांनी शहरांत जाते. मर्यादेबाहेर उपसलेल्या जागी खोल खड्डे राहतात, त्यांत पाणी भरतं आणि वरून सगळं सपाट दिसतं. पोहता येणारं मूलसुद्धा तिथे गोंधळतं. वर्तमानपत्रात ‘नदीत बुडून मृत्यू’ अशी बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. माझं तुम्हाला हात जोडून सांगणं आहे, की गावातल्या ढीवर बांधवांना विचारल्याशिवाय मुलांना पाण्यात सोडू नका. ते ‘इथे नको’ म्हणाले, की नको. तिथे वाद घालायचा नाही.

तुमच्या-माझ्यासाठी ही सहलीची जागा आहे. काठावरच्या बायकांचा मात्र हा रोजचा रस्ता. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या मजूर बायका नावेत बसून पलीकडे मिरची तोडायला निघाल्या होत्या. वैनगंगेत नाव उलटली आणि त्यांतल्या काहीजणी परत घरी आल्या नाहीत. दिवसभराच्या मजुरीसाठी नदी ओलांडणाऱ्या, तुमच्या-माझ्यासारख्याच घरसंसार असलेल्या बायका त्या. आपण डाळीला फोडणी देताना जी लाल मिरची टाकतो, तिच्यामागे असा प्रवास असू शकतो, हे तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. अशा घाटांवर नावेत अंगावर घालायची जॅकेटं असावीत, जवळ पूल व्हावा, हे मागणं फक्त काठावरच्या गावांचं असू नये. आपण शहरातल्या बायकांनीही ते लावून धरलं पाहिजे.

रेतीचंही तसंच. ती नुसती बांधकामाचा माल नव्हे, पाणी धरून ठेवणारा स्पंजच आहे. उन्हाळ्यात पात्र कोरडं दिसलं तरी हातभर उकरलं की झिऱ्यात स्वच्छ पाणी येतं. रेती खरवडून नेली, की हे पाणी जातं, काठच्या विहिरी खाली जातात आणि हंडा घेऊन लांब चालायचं काम शेवटी बाईच्याच वाट्याला येतं. घर बांधायला काढाल तेव्हा ठेकेदाराला एवढं जरूर विचारा, की रेती कुठून आणली आणि पावती आहे का? हिशेबाच्या वहीत सिमेंट-लोखंडाचा भाव लिहितो, तिथेच ही पावतीही लावून ठेवा.

तेव्हा यंदा माघात या. मार्कंड्याला उतरा, देवाला नमस्कार करा, मुलांना रेतीचे किल्ले करू द्या. पाण्यात कुठवर जायचं ते मात्र तिथल्या माणसांना विचारून.