समोरच्या गोटातलं पुस्तक

आमच्या वाचनकट्ट्याला नाव नाही, अध्यक्ष नाही आणि वर्गणीही नाही. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी ठाण्यात कोणाच्या तरी घरी जमायचं, चहा आणि काहीतरी तळलेलं, एवढीच व्यवस्था. नियम मात्र एक आहे. सध्या जे वाचन चालू आहे, तेच पुस्तक घेऊन यायचं. अर्धवट वाचलेलं असलं तर उत्तमच. शेवट फुटेल ही भीती आम्हाला नाही, कारण ऐतिहासिक कादंबरीत फुटणार तरी काय? सदाशिवरावभाऊ पानिपतावरून परत येत नाहीत हे पहिलं पान उघडण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असतं.

प्रत्येकजण या नादाला वेगळ्या दारातून लागलेला. सत्तरी ओलांडलेल्या मावशींनी ‘स्वामी’ लग्नाआधी वाचलं, तेही माहेरच्या वाचनालयाच्या प्रतीतून, रांगेत नंबर लावून. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना ‘स्वामी’तले माधवराव पेशवे आणि रमाबाई भेटले ते आधी दूरदर्शनवर. पुस्तक नंतर आलं, त्यामुळे माधवरावांच्या अखेरचा थेऊरचा प्रसंग वाचताना अजूनही रवींद्र मंकणींचाच चेहरा समोर येतो. पुढची फळी ‘बाजीराव मस्तानी’ बघून ‘राऊ’कडे वळली. सगळ्यात धाकटा सभासद इंजिनिअर आहे. तो गेल्या वर्षी ‘छावा’ बघून थिएटरातून बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी शिवाजी सावंतांची जाडजूड कादंबरी घेऊन आला. सिनेमा बघून आलेल्यांकडे नाक मुरडणारे आमच्यात एक-दोन आहेत. मला ते पटत नाही. आत आला ना माणूस, मग दार कुठलं याच्याशी काय करायचंय?

खरी गंमत शिफारशीत आहे. साधारणपणे काय होतं, ‘छावा’ आवडलं म्हटलं की लोक सांगतात, मग ‘श्रीमान योगी’ घे, मग विश्वास पाटलांचं ‘संभाजी’ घे. पुस्तकं थोर आहेत, प्रश्नच नाही. पण वाचणारा एकाच तंबूत फिरत राहतो. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षक काकांची पद्धत वेगळी आहे. पुस्तक कसं वाटलं हे ते विचारतच नाहीत. ते विचारतात, “राग कोणाचा आला?” आणि ज्याचा राग आला असेल त्याच्यावरची कादंबरी पुढच्या महिन्यात हातात ठेवतात.

या धंद्यात त्यांचा मोठा आधार म्हणजे ना. सं. इनामदार. नावं ठेवली गेलेली, नाहीतर कोणी फारसं लक्ष न दिलेली माणसं त्यांनी वेचून काढली. दुसऱ्या बाजीरावाला शाळेने आम्हाला ‘पळपुटा’ म्हणून शिकवलं, त्याच्यावर ‘मंत्रावेगळा’. यशवंतराव होळकरांवर ‘झुंज’. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंवर ‘शिकस्त’. नवरा गेला हे त्या बाईंनी शेवटपर्यंत मानलंच नाही. औरंगजेबावर तर ‘शहेनशहा’.

माझ्या हातात काकांनी ठेवलं ते ‘झेप’, १९६३चं, त्रिंबकजी डेंगळ्यांवरचं. त्याआधी त्रिंबकजी म्हणजे पेशवाईच्या शेवटच्या अंकातला एक खलपुरुष, एवढीच माझी समजूत. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ साली पंढरपुरात खून झाला, आळ त्रिंबकजींवर आला आणि इंग्रजांनी पेशव्यांवर दडपण आणून त्रिंबकजींना ताब्यात घेतलं. वाचनालयाची ती प्रत तपकिरी कागदात बांधलेली, पहिल्या पानावर शिक्क्यांवर शिक्के. समासात कोणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात “पुरावा?” असं लिहिलेलं आणि त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात “कादंबरी आहे, खटला नव्हे”. मला ते दोघे वाचक फार आवडले.

मी थबकले ती मात्र ठाण्याच्या उल्लेखापाशी. त्रिंबकजींना ठेवलं होतं ते आमच्याच ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या मध्यवर्ती कारागृहात. त्या भिंतीच्या कडेने माझी रिक्षा रोज जाते. पहाऱ्याला मुद्दाम गोरे शिपाई नेमलेले होते, कोणी फितू नये म्हणून. सांगतात की किल्ल्यातल्या एका इंग्रज अंमलदाराचा मराठी मोतद्दार घोडा फिरवताना खिडकीखाली गाणं म्हणायचा, आणि पळून जायचा निरोप त्या गाण्यातून आत पोचायचा. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं, तिथेच फावलं. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. पुढे पुन्हा पकडले गेले आणि गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात १८२९ साली कैदेतच वारले. आता सिग्नलला रिक्षा थांबली की मी त्या भिंतीकडे बघते आणि ती खिडकी कोणत्या बाजूला असेल याचा विचार करते. रिक्षावाल्याला वाटत असेल, बाईंचं कोणी आत आहे.

आमच्याकडे भांडणंही होतात. कादंबरीकाराने कल्पनेला किती मोकळीक द्यावी, यावर तर हमखास. काका ‘पानिपत’ ही कादंबरी वाचणाऱ्याला शेजवलकरांचं ‘पानिपत १७६१’ जोडीला ठेवायला लावतात, आणि तो बिचारा महिनाभर दोन्हीतली कुठलीच संपवू शकत नाही. ‘श्रीमान योगी’चा वाद वेगळा. नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना आधी वाचायची की शेवटी? मी शेवटी म्हणणाऱ्यांच्या बाजूची. आधी वाचली तर कुरुंदकर डोक्यात इतके पक्के बसतात की रणजित देसाईंना जागाच उरत नाही.

ज्याचा राग यावा तो माणूस आपणच असलो तर काय करायचं, हा पेच मावशींच्या सुनेने टाकला. ती बंगाली. लग्न होऊन ठाण्यात आली तेव्हा मराठ्यांचा इतिहास तिला एकाच बाजूने माहीत होता: तिच्याकडे बाळाला झोपवताना ‘बर्गी आले’ म्हणून गातात. बर्गी म्हणजे बारगीर, नागपूरकर भोसल्यांची फौज, १७४०च्या दशकात बंगालवर चालून गेलेली. सासूबाई एकदम गप्प. काकांनी मात्र लगेच पिशवीतून नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ काढली. तिच्यात बंगालच्या त्याच स्वाऱ्या आहेत, पण कोणी महापुरुष नाही. निवेदन आहे एका साध्या, बेरकी माणसाचं, आणि मोठमोठ्या घटना तो बाजूला उभं राहून, जीव सांभाळत बघतो. सुनेने ती मराठी शिकत शिकत वाचली, अडलेले शब्द सासूला विचारत. बखरीच्या वळणाच्या मराठीतले निम्मे शब्द सासूलाही अडले, तेव्हा दोघी कोश उघडून बसू लागल्या.

इंजिनिअर पोराला अर्थातच ‘शहेनशहा’ मिळालं. तो नाखुशीनेच घेऊन गेला, आणि पुढच्या बैठकीला आला तो तक्रार घेऊनच. संतापलेल्या सुरात म्हणाला, “मला म्हाताऱ्याची कीव आली. यायला नको होती.” काका काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त भजीची बशी पुढे केली. मग त्यानेच विचारलं, औरंगजेबाच्या मुलीवर, झीनतुन्निसावर, मराठीत कादंबरी आहे का? येसूबाई आणि शाहू कैदेत असताना त्यांना मायेने वागवणारी तीच ना?

आमच्यापैकी कोणालाच एकही नाव आठवेना. काका पहिल्यांदाच निरुत्तर झालेले पाहिले. मावशी म्हणाल्या, “सापडली तर पहिला नंबर माझा. आणि नसेल तर कोणीतरी लिहा, मी किती दिवस थांबू?”